समतोलाचा तक्ता : मधल्या ओळीचे गणित

रासायनिक समतोलाची उदाहरणे सोडवताना तीन ओळींचा एक तक्ता मांडतात. पहिल्या ओळीत अभिक्रिया सुरू होण्यापूर्वीच्या संहती, दुसरीत त्यांत होणारा बदल आणि तिसरीत समतोल साधल्यावरच्या संहती. प्रत्येक पदार्थाला एक रकाना. अकरावी-बारावीच्या वर्गांत इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘आईस टेबल’ म्हणतात. मराठीत आरंभ, बदल, समतोल. तक्ता दिसायला इतका सोपा असतो की पुष्कळ जण तो न मांडता तोंडीच आकडे धरतात. समतोलाच्या उदाहरणांतले बहुतेक गुण तिथेच जातात.

तिन्ही ओळींवर वेगवेगळी सत्ता चालते, हे आधी लक्षात घ्यावे. आरंभाची ओळ प्रयोग करणाऱ्याच्या हातात असते. भांड्यात कोणता पदार्थ किती घालायचा हे तो ठरवतो, त्यामुळे तिथे कोणतेही प्रमाण चालते. बदलाची ओळ समीकरणाच्या ताब्यात असते. एक मोल नायट्रोजन तीन मोल हायड्रोजनशीच जुळतो, मग भांड्यात हायड्रोजन कितीही असो. समतोलाची ओळ म्हणजे वरच्या दोन ओळींची बेरीज, आणि तिच्यावर हुकमत समतोल स्थिरांकाची. समीकरणातल्या सहगुणकांचे प्रमाण लागू होते ते फक्त मधल्या ओळीला.

रायगड जिल्ह्यात या तक्त्याला साजेसे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा अमोनिया आणि युरियाचा मोठा कारखाना आहे. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन, हवेतून नायट्रोजन, दोन्हींपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया, असा तिथला क्रम. तळा, रोहा, माणगाव भागातला शेतकरी भाताला जो युरिया टाकतो, त्यातल्या ४६ टक्के नायट्रोजनला कुठल्या ना कुठल्या कारखान्यात या समतोलातून जावे लागलेले असते. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत ही अभिक्रिया उच्च दाबाखाली चालवून दाखवली आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे तिचा पहिला कारखाना सुरू झाला.

समीकरण असे : १ नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया. आता सरावासाठी सोपे आकडे घेऊ. बंद भांड्यात नायट्रोजनची संहती ०.५० मोल प्रति लिटर आणि हायड्रोजनची ०.८० आहे, अमोनिया नाही. समतोल साधल्यावर अमोनियाची संहती मोजली तर ती ०.२० भरली. स्थिरांक काढायचा आहे.

| | नायट्रोजन | हायड्रोजन | अमोनिया |
|---|---|---|---|
| आरंभ | ०.५० | ०.८० | ० |
| बदल | −क्ष | −३क्ष | +२क्ष |
| समतोल | ०.५० − क्ष | ०.८० − ३क्ष | २क्ष |

अमोनियाच्या रकान्यात २क्ष म्हणजे ०.२०, म्हणून क्ष म्हणजे ०.१०. नायट्रोजन उरला ०.४० आणि हायड्रोजन ०.५०. स्थिरांकाचे सूत्र अमोनियाचा वर्ग भागिले (नायट्रोजन गुणिले हायड्रोजनचा घन). वर ०.०४, खाली ०.४० गुणिले ०.१२५ म्हणजे ०.०५. उत्तर ०.८०.

हेच उदाहरण तक्ता न मांडता सोडवणारा विद्यार्थी हमखास एक घोटाळा करतो. अमोनिया ०.२० आहे, समीकरणात प्रमाण १ : ३ : २ आहे, तेव्हा हायड्रोजन ०.३० आणि नायट्रोजन ०.१० असे तो समतोलाच्या ओळीत लिहितो. हे आकडे खपलेल्या वायूंचे आहेत, उरलेल्यांचे नव्हेत. त्यांवरून स्थिरांक सुमारे १४.८ येतो, म्हणजे खऱ्या उत्तराच्या अठरापटीहून जास्त. बेरीज-वजाबाकी सगळी बरोबर असते, चूक फक्त ओळ बदलण्याची असते. म्हणून ती उत्तरपत्रिकेत शोधूनही सापडत नाही.

बदलाच्या ओळीत चिन्हे आधी लिहावीत, सहगुणक नंतर. अभिक्रिया उजवीकडे सरकत असेल तर डावीकडच्या सगळ्या रकान्यांत उणे आणि उजवीकडच्या सगळ्यांत अधिक. डावीकडे सरकत असेल तर उलट. एकाच बाजूच्या दोन रकान्यांत वेगवेगळी चिन्हे कधीच येत नाहीत. आणि क्ष कशाला म्हणायचे? ज्याचा सहगुणक १ आहे त्या पदार्थाच्या बदलाला क्ष मानले की अपूर्णांक टळतात. अमोनियाच्या बदलाला क्ष म्हटले तरी उत्तर तेच येते, पण हायड्रोजनच्या रकान्यात दीड क्ष येतो आणि त्याचा घन करताना हात अडखळतो.

समीकरण कसे लिहिले आहे, यावर स्थिरांकही बदलतो. तीच अभिक्रिया अर्धा नायट्रोजन आणि दीड हायड्रोजन मिळून एक अमोनिया अशी लिहिली, तर स्थिरांक ०.८० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.८९ होतो. उलटी लिहिली तर १.२५. प्रश्नात स्थिरांक दिला असेल तर तो कोणत्या समीकरणासाठी आहे हे पाहून त्याच समीकरणाखाली तक्ता मांडावा. लोखंडाचे उत्प्रेरक, भांड्याचा धातू, ढवळण्याचा वेग यांना तक्त्यात जागा नाही. उत्प्रेरकामुळे समतोल लवकर साधतो, त्याची जागा हलत नाही.

कारखान्यात हा तक्ता थोडा वेगळा वाचावा लागतो. अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते, दर मोल नायट्रोजनमागे सुमारे ९२ किलोज्यूल. त्यामुळे तापमान वाढवले की समतोल मागे सरकतो, आणि कमी ठेवले तर अभिक्रिया रेंगाळते. पाठ्यपुस्तकांत एका फेरीत साधारण १५ टक्के वायूचेच रूपांतर होते असा आकडा दिलेला असतो. शंभर मोल नायट्रोजन आणि तीनशे मोल हायड्रोजन आत सोडले, तर बदलाच्या ओळीत उणे १५, उणे ४५, अधिक ३०. अखेरीस ८५, २५५ आणि ३०. एकूण मोल ४०० होते, ते ३७० राहिले. बाहेर पडणाऱ्या वायूत अमोनिया जेमतेम ८ टक्के. म्हणूनच तो थंड करून द्रवरूपात बाजूला काढतात आणि उरलेला वायू पुन्हा फिरवतात. या तक्त्यात तिसऱ्या ओळीला ‘समतोल’ न म्हणता ‘अखेर’ म्हणणे रास्त, कारण फिरत्या वायूला समतोल पूर्ण साधायला वेळ मिळालेला नसतो. बदलाच्या ओळीचा नियम मात्र तिथेही तोच. पडताळ्यासाठी अणू मोजावेत : आत नायट्रोजनचे २०० मोल अणू गेले, बाहेर १७० आणि ३० मिळून २०० आले. हायड्रोजनचे ६०० गेले, ५१० आणि ९० मिळून ६०० आले.

आतापर्यंत एक समतोल संहती हातात होती. स्थिरांक दिलेला असेल आणि संहती काढायच्या असतील तेव्हा क्ष खरोखरच अज्ञात असतो आणि बीजगणित सुरू होते. यासाठी हायड्रोजन आणि आयोडीनपासून हायड्रोजन आयोडाइड होण्याची अभिक्रिया उत्तम. ४३० अंश सेल्सिअसला तिचा स्थिरांक सुमारे ५४.३ आहे.

दोन लिटरच्या भांड्यात ०.६० मोल हायड्रोजन आणि ०.४० मोल आयोडीन घेतले. इथे पहिली खबरदारी : तक्त्यात मोल भरायचे नाहीत, संहती भरायच्या. दोनने भागून ०.३० आणि ०.२०. या अभिक्रियेत दोन्ही बाजूंचे मोल सारखेच असल्याने घनफळ छेदून जाते आणि मोल भरले तरी स्थिरांकाच्या समीकरणात चूक दिसत नाही. म्हणूनच या उदाहरणावर सराव केलेल्यांना वाईट सवय लागते आणि अमोनियाच्या उदाहरणात ती नडते. सुरुवातीपासूनच भागाकार करावा.

| | हायड्रोजन | आयोडीन | हायड्रोजन आयोडाइड |
|---|---|---|---|
| आरंभ | ०.३० | ०.२० | ० |
| बदल | −क्ष | −क्ष | +२क्ष |
| समतोल | ०.३० − क्ष | ०.२० − क्ष | २क्ष |

सूत्रात घातल्यावर ४ क्ष-वर्ग = ५४.३ (०.३० − क्ष)(०.२० − क्ष), आणि त्यातून ५०.३ क्ष-वर्ग − २७.१५ क्ष + ३.२५८ = ०. दहावीतल्या वर्गसमीकरणाच्या सूत्राने दोन मुळे मिळतात : ०.१८० आणि ०.३६०. इथे सूत्राकडे न पाहता तक्त्याकडे पाहावे. आयोडीन मुळात ०.२० आहे, त्यातून ०.३६० जाऊ शकत नाही. दुसरे मूळ बाद. हायड्रोजन ०.१२०, आयोडीन ०.०२०, हायड्रोजन आयोडाइड ०.३६०.

क्षची कमाल मर्यादा तक्ता मांडतानाच कडेला लिहून ठेवली तर मूळ निवडताना विचार करावा लागत नाही. प्रत्येक खपणाऱ्या पदार्थाची आरंभीची संहती त्याच्या सहगुणकाने भागायची. जो भागाकार सर्वांत लहान, ती मर्यादा. वरच्या अमोनियाच्या उदाहरणात नायट्रोजन ०.५० आणि हायड्रोजन ०.८० भागिले ३ म्हणजे ०.२६७. क्ष यापुढे जाऊच शकत नाही, नायट्रोजन शिल्लक असला तरी. बहुपर्यायी प्रश्नांत या एका भागाकाराने कधीकधी दोन पर्याय सरळ खोडता येतात.

दोन्ही वायू सारखेच घेतले असतील, समजा ०.२० आणि ०.२०, तर वर्गसमीकरणाची गरज नाही. दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेतले की २क्ष भागिले (०.२० − क्ष) = ७.३७, आणि क्ष ०.१५७. हा शॉर्टकट डोळ्यांत भरतो, पण तो संहती सारख्या असल्यामुळे मिळालेला आहे, हे विसरून ०.३० आणि ०.२० ला तो लावणारेही असतात.

उत्पादित पदार्थ आधीच भांड्यात असेल तर अभिक्रिया कुठे सरकणार हे आधी ठरवावे लागते. आरंभीच्या संहती स्थिरांकाच्याच सूत्रात घालून जी किंमत येते ती अभिक्रिया भागफल. हायड्रोजन ०.१०, आयोडीन ०.१० आणि हायड्रोजन आयोडाइड ०.९० घेतले तर भागफल ८१. तो ५४.३ पेक्षा मोठा, म्हणजे अभिक्रिया मागे फिरणार. बदलाच्या ओळीत अधिक क्ष, अधिक क्ष, उणे २क्ष. क्ष येतो ०.०१७४, हायड्रोजन आणि आयोडीन ०.११७, हायड्रोजन आयोडाइड ०.८६५. दिशा न पाहता चिन्हे नेहमीसारखी लिहिली असती तर क्ष उणे आला असता. तरी अंतिम संहती बरोबरच निघाल्या असत्या, कारण उणेचे उणे अधिक होते. पण परीक्षेत उणे क्ष दिसला की विद्यार्थी घाबरून बरोबर उत्तर खोडतो. भागफल काढायला लागणारे अर्धे मिनिट त्या मानाने स्वस्त आहे.

आम्लांच्या तक्त्यात एक रकाना रिकामा राहतो. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल साधारण ०.८० मोल प्रति लिटर असते. ते पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोनियम आणि ॲसिटेट आयन देते, आणि २५ अंशांना स्थिरांक ०.००००१८. पाणी विद्रावक आहे, त्याची संहती बदलल्यासारखी होत नाही, म्हणून त्याच्या रकान्यात आडवी रेघ. बाकी आरंभ ०.८०, ०, ०. बदल −क्ष, +क्ष, +क्ष. स्थिरांक इतका लहान की ०.८० मधून क्ष वजा केला काय आणि न केला काय. क्ष-वर्ग भागिले ०.८० = ०.००००१८ असे मानून क्ष ०.००३८ येतो, सामू सुमारे २.४.

ही सूट घेतल्यावर ती घेणे योग्य होते का, हे तपासलेच पाहिजे. क्ष हा आरंभीच्या संहतीच्या ५ टक्क्यांच्या आत असावा असा रिवाज आहे. इथे तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण तेच आम्ल ०.००१ मोल प्रति लिटरपर्यंत विरळ केले तर सुटीने क्ष ०.०००१३४ येतो, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त. सूट नाकारून वर्गसमीकरण सोडवले की खरा आकडा ०.०००१२५ मिळतो. आम्ल विरळ करत गेले की आयनीभवनाची टक्केवारी वाढते, आणि सूट ज्या आधारावर घेतली तोच ढासळतो. केवळ स्थिरांक लहान आहे एवढ्यावर विसंबू नये.

त्याच व्हिनेगरमध्ये सोडियम ॲसिटेट ०.८० इतके मिसळले तर आरंभाच्या ओळीत ॲसिटेटखाली शून्य नसते, ०.८० असते. एवढ्या एका बदलाने क्ष ०.००००१८ वर येतो आणि सामू ४.७४. बफर द्रावणांच्या धड्यातली बरीच उदाहरणे आरंभाच्या ओळीतल्या या एका आकड्यावर उभी असतात.

पाण्याच्या रकान्यात रेघ मारण्याची सवय लागली की तीही एके ठिकाणी फसवते. ॲसिटिक आम्ल आणि इथाइल अल्कोहोल यांच्यापासून इथाइल ॲसिटेट आणि पाणी होते; स्थिरांक सुमारे ४. इथे पाणी विद्रावक नसून उत्पादित आहे, तेव्हा त्याचा रकाना इतरांसारखाच भरायचा. एकेक मोल आम्ल आणि अल्कोहोल घेतले तर क्ष-वर्ग भागिले (१ − क्ष) चा वर्ग = ४, म्हणून क्ष दोन-तृतीयांश. एक-तृतीयांश आम्ल न बदलता उरते. रोह्याजवळच्या धाटावसारख्या रासायनिक वसाहतीत कामाला लागणाऱ्या पदवीधराला याचा अर्थ लगेच कळतो : इस्टर जास्त हवे असेल तर पाणी काढत राहायचे किंवा अल्कोहोल मुद्दाम जास्त घालायचे. आधी म्हटल्याप्रमाणे आरंभाची ओळ माणसाच्या हातात असते.

शेवटी न विरघळलेला घन पदार्थ. चुन्याची निवळी कोकणात घरोघरी माहीत आहे. तळाशी चुना, वर स्वच्छ पाणी. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडच्या रकान्यात पुन्हा आडवी रेघ, कारण घन पदार्थ थोडा उरला काय किंवा वाटीभर उरला काय, समतोलाला फरक पडत नाही. तो उरलेला असला म्हणजे झाले.

| | कॅल्शिअम हायड्रॉक्साइड | कॅल्शिअम आयन | हायड्रॉक्साइड आयन |
|---|---|---|---|
| आरंभ | — | ० | ० |
| बदल | — | +क्ष | +२क्ष |
| समतोल | — | क्ष | २क्ष |

विद्राव्यता गुणाकार ०.०००००५५ धरला तर क्ष गुणिले २क्ष चा वर्ग, म्हणजे ४ क्ष-घन = ०.०००००५५. इथे दोन चुका नेहमी होतात : २क्ष चा वर्ग २ क्ष-वर्ग लिहिणे, किंवा हायड्रॉक्साइड दुप्पट आहे म्हणून त्याला पुन्हा दोनने गुणणे. मधल्या ओळीत २क्ष लिहिला की दुप्पट करण्याचे काम संपले. क्ष ०.०१११, हायड्रॉक्साइड ०.०२२२, सामू सुमारे १२.३. प्रत्यक्ष निवळीचा सामूही याच्या जवळपासच मोजला जातो.

विद्राव्यतेत मात्र तफावत दिसते. कोष्टकांत चुन्याची विद्राव्यता २० अंशांना लिटरमागे सुमारे १.७ ग्रॅम, म्हणजे ०.०२३ मोल दिलेली असते. तक्त्यातून आलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. मांडणी चुकलेली नसते. द्रावणात आयन इतके दाट असतात की ते परस्परांना ओढून धरतात, काही जोडीने राहतात, आणि त्यांची परिणामकारक संहती प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. त्याचा हिशेब सक्रियतेच्या गुणांकांनी करावा लागतो, आणि तो विषय पदवीच्या भौतिक रसायनशास्त्रात येतो. बारावीपर्यंतच्या परीक्षांत संहतीच धरतात, आणि तिथे निवळीचे उत्तर ०.०१११ हेच बरोबर मानले जाते.